एसटीच्या पासावर खानदेश: आधी हिशेब, मग रस्ता

परदेशी जाऊन आलेली मंडळी तिथल्या सिटी पासचं कौतुक सांगतात. एकदा पैसे भरले की शहरातली बस, मेट्रो, म्युझियम सगळं त्यात. खानदेशात असा पास नाही. बघण्यासारखं जे आहे ते इथे एका शहरात नाहीच. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांत ते पांगलेलं आहे. पण एसटी महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही जुनी योजना आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि तेवढ्या मुदतीत महामंडळाच्या गाडीत कुठेही चढायचं, कुठेही उतरायचं. लेणी, संग्रहालयं, अभयारण्य यांची तिकिटं त्यात येत नाहीत. ती जागेवर काढायची.

या पासावर खानदेश छान बघून होतो. पण सगळ्यांना तो परवडतोच असं नाही. पास काढून वर तोट्यात राहिलेली माणसं भेटतात, आणि बहुतेकांची गोची एकाच ठिकाणी झालेली असते: हिशेब न करता पास काढला. म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं.

पास परवडतो कोणाला?

एसटीचं भाडं टप्प्यावर लागतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीच्या एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडू लागले. पुढे भाडं बदललं तर आकडा बदला, रीत तीच. पासाच्या किमतीला दहाने भागा, आले ते टप्पे. त्यांना सहाने गुणा, आले ते किलोमीटर. तेवढं अंतर तुम्ही एसटीने कापणार असाल तर पासाचे पैसे वसूल. समजा पास १,४०० रुपयांना पडला, तर १४० टप्पे, म्हणजे ८४० किलोमीटर. पासाचे दर महामंडळ अधूनमधून बदलतं, त्यामुळे खरा आकडा आगारातच विचारा.

आता आपल्या सहलीची बेरीज. जळगावहून अजिंठा जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर. मुक्ताईनगर जाऊन-येऊन तेवढंच. जळगाव ते धुळे, वाटेत एरंडोल-पारोळा बघत, नव्वदच्या आसपास. धुळे-चाळीसगाव जाऊन-येऊन ११०. चार दिवस भरगच्च फिरूनही बेरीज ४४० किलोमीटर, म्हणजे सुट्या तिकिटांचे साडेसातशेही होत नाहीत. तेव्हा तुम्ही जळगावात राहणारे असाल, किंवा रेल्वेने भुसावळला उतरून तिथून फिरणार असाल, तर पासाच्या नादी लागू नका. सुटी तिकिटं काढा.

पास कामाला येतो तो लांबून एसटीनेच येणाऱ्यांना. पुण्याहून जळगाव चारशेच्या घरात आणि परतताना धुळ्याहून पुणे साडेतीनशेच्या आसपास. हे साडेसातशे किलोमीटर वरच्या बेरजेत मिळवले की आकडा बाराशेच्या जवळ जातो आणि सुट्या तिकिटांचे दोन हजारांच्या आसपास होतात. इथे पास सरळ फायद्यात, फक्त येण्या-जाण्याचा वेळही पासाच्या मुदतीत बसवायला हवा. नाशिककरांचं मात्र काठावर येतं. धुळे नाशिकहून दीडशे किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे. सहलीत नंदुरबार किंवा तोरणमाळ धरलं तरच त्यांचा मेळ बसतो.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी विसरली जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. म्हणजे वरच्याच बाराशे किलोमीटरला बाईमाणसाचे हजारच लागतात. तेव्हा अख्ख्या कुटुंबाचे सरसकट पास काढायला जाऊ नका. नवऱ्याचा पास, बायकोचं आणि सासूबाईंचं अर्धं तिकीट, आजोबांचं आधार कार्ड, असं मिसळीचं गणित बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतं. पाच ते बारा वर्षांच्या पोरांचा पासही मोठ्यांच्या निम्म्या दराचा असतो. त्यांचंही वेगळं मांडून बघा. अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. बऱ्हाणपूर किंवा सुरतकडे जायचा मोह झाला तर सीमेपुढचे पैसे पूर्ण मोजावे लागतील.

पास काढताना

पास आगारात मिळतो. प्रवासाच्या दिवशी सकाळी फलाटावर उभं राहून तो काढायच्या भानगडीत पडू नका, चार-पाच दिवस आधी जा. आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो खिशात ठेवा. खिडकीवर तीन गोष्टी तोंडाने विचारून घ्या: पास कोणत्या सेवेचा आहे, सुरू कधी होतो, संपतो कधी.

सेवेचं महत्त्व असं की साध्या गाडीचा पास वेगळा आणि शिवशाहीचा वेगळा, महाग. खानदेशासाठी साधाच घ्या. पाटणादेवीला किंवा मुक्ताईनगरच्या पुढे तुम्हाला नेणार आहे ती लालपरीच. शिवशाही हमरस्ता सोडून आत वळत नाही. वातानुकूलित गाडीसाठी जादा पैसे भरायचे आणि चारपैकी तीन दिवस लाल गाडीत बसायचं, यात राम नाही.

तारखेचं महत्त्व त्याहून जास्त. पासाचा दिवस रात्री बाराला सुरू होतो आणि रात्री बाराला संपतो. पुण्याहून रात्री दहाच्या गाडीने निघालात आणि पास त्याच तारखेपासूनचा असेल, तर दोन तासांसाठी एक अख्खा दिवस गेला. पास दुसऱ्या दिवसापासूनचा काढा आणि पहाटेची पहिली गाडी धरा.

पास दुसऱ्याच्या नावावर चालत नाही आणि हरवला तर त्याचा दुसरा मिळत नाही. पाकिटात घडी करून ठेवलेला कागद पावसात किंवा घामात लगदा होतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. वाहक बघायला मागेल तेव्हा ओळखपत्रही सोबत दाखवा. पास आहे म्हणजे बसायला जागा आहे असं नाही. लांबच्या टप्प्यासाठी आधी आरक्षण करून टाका, त्याचा आकार वेगळा पडतो. जवळच्या टप्प्याला आरक्षणाची गरज नाही, तिथे खिडकीतून रुमाल टाकायची पद्धत अजून चालू आहे.

मुक्काम कुठे

रोज नवं गाव आणि रोज बॅग पाठीवर, असं फिरू नका. पहिले दोन दिवस जळगाव, पुढचे दोन धुळे. दोन्हीकडे बसस्थानकाच्या आसपास लॉज आहेत, दोन्हीकडून चहूकडे गाड्या सुटतात. भुसावळ रेल्वेवाल्यांना सोयीचं, एसटीवाल्याला जळगावच बरं.

आणि दिवस ठरवताना एक काट मारून ठेवा: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात तोबा गर्दी असते. दर्शनालाच जायचं असेल तर जा, नाहीतर तो दिवस टाळा.

पहिला दिवस: अजिंठा

लेणी तशी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण जळगावहून ती साठेक किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरपेक्षा जळगावहूनच जवळ पडतात. जळगावहून संभाजीनगरकडे जाणारी गाडी पकडा आणि चढतानाच वाहकाला 'अजिंठा टी पॉइंट' सांगा. 'अजिंठा' एवढंच म्हणालात तर घाट चढून अजिंठा गावात उतराल, आणि लेणी मागे राहतील. टी पॉइंट फर्दापूरपाशी, घाटाच्या अलीकडे आहे. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर खासगी गाड्यांना बंद. शटल बसनेच जावं लागतं. तिचं आणि पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचं असे पैसे वेगळे काढून ठेवा.

जळगावहून सातच्या आत निघा. लेण्यांचं दार उघडतं तेव्हा तुम्ही आत असायला हवं, कारण अकरानंतर सहलीच्या बसगाड्या येतात आणि एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीपुढे उभं राहायला जागा उरत नाही. एक, दोन, सोळा आणि सतरा ही चित्रांसाठी. नऊ आणि दहा ही सगळ्यांत जुनी, इसवी सनाच्या आधीच्या शतकांतली चैत्यगृहं. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. वाघाची शिकार करायला आलेल्या या माणसाला लेणी दिसली आणि पुन्हा जगासमोर आली. सव्वीस नंबर शेवटाला म्हणून लोक कंटाळून परत फिरतात. फिरू नका, महापरिनिर्वाणातला आडवा बुद्ध तिथेच आहे. आतल्या अंधाराला डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर भिंत नुसती काळपट दिसते. थांबा. फ्लॅश मारायला बंदी आहे, टॉर्चही बाहेर काढू नका.

परतीला टी पॉइंटवर उभं राहून जळगावची गाडी धरायची. दुपारी चारपर्यंत रस्त्यावर या म्हणजे निवांत पोचाल.

दुसरा दिवस: मुक्ताईनगर, आणि संध्याकाळी जळगाव

मुक्ताईनगर म्हणजे जुनं एदलाबाद. जळगावहून भुसावळमार्गे साठ किलोमीटरच्या आसपास, गाड्या भरपूर. संत मुक्ताईचं नवं मंदिर गावात आहे, जुनं कोथळीला. दोन्ही करा, पण वेळ जुन्याला द्या. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांत मुक्ताईची पालखी सगळ्यांत लांबचा पल्ला चालते. ज्येष्ठात इथून निघते. त्या दिवसांत आलात तर एसटीत पाय ठेवायला जागा नसते, पण तेव्हाच यावं असंही सांगणारे आहेत.

तिथून रिक्षा करून चांगदेव गावी जा. तापी आणि पूर्णेचा संगम आहे, काठावर चांगदेवांचं दगडी मंदिर. वाघावर बसून आलेल्या या योग्याला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या आणि पुढे मुक्ताई त्याची गुरू झाली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चांगदेवला एसटीवर विसंबू नका, रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन भाव आधीच ठरवा.

दुपारी तीनला जळगावात परतलात तर दोनपैकी एकच गोष्ट करा. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ बघायला दोन तास पुरत नाहीत, पण तेवढे तरी द्या. २०१२ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आहे आणि मांडणी इतकी नेटकी की पोरंही कंटाळत नाहीत. तेवढा वेळ नसेल तर जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचं घर आहे. आसोद्याला १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई जात्यावर बसून ओव्या रचायची. तिच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. गांधी तीर्थ किती वाजेपर्यंत उघडं ते सकाळीच फोन करून विचारा.

तिसरा दिवस: एरंडोल, पारोळा, धुळे

हा दिवस पासाचा खरा. एकाच हमरस्त्यावर चढत-उतरत जायचं, आणि दर वेळी तिकिटाच्या रांगेतून सुटका. बॅग सोबत असेल, म्हणून हलकी ठेवा.

एरंडोलला उतरून रिक्षाने पद्मालय. तळं कमळांचं आहे आणि गाभाऱ्यात दोन गणपती शेजारी शेजारी, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या. चतुर्थी सोडून जा. तासाभरात एरंडोलला परत येऊन पुढची धुळ्याची गाडी धरा आणि पारोळ्याला उतरा. पारोळ्याचा भुईकोट किल्ला बसस्थानकापासून पायी जाण्यासारखा आहे. झाशीच्या राणीचं माहेर तांब्यांचं, आणि पारोळ्याची तांबे मंडळी तिच्याच माहेरची. खंदक आणि बुरुज अजून उभे आहेत, आत बाजाराचं अतिक्रमण. गावाला त्याचं काही वाटत नाही, हे बघून चिडचिड होते, होऊ द्या.

अमळनेर या रस्त्यावर नाही, थोडं आत आहे. साने गुरुजी जिथे शिकवायचे ती प्रताप हायस्कूल आणि १९१६ सालचं तत्त्वज्ञान मंदिर बघायची ज्यांना ओढ आहे त्यांनी पद्मालय सोडून अमळनेर धरावं. दोन्ही एका दिवसात बसवू गेलात तर धुळ्याला रात्री पोचाल.

चौथा दिवस: धुळे आणि भोवताल

सकाळी लळिंग. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर किल्ला रस्त्यालगतच उभा आहे. मालेगावकडे जाणारी साधी गाडी धरा. जलद गाडी लळिंगला थांबेलच असं नाही, चढण्याआधी विचारा. चढायला तासभर. सावली नाही, पाणी बरोबर घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी लोटते.

दुपारी शहरात राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटी धुळ्यातच गेले, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रं इथे सांभाळली आहेत. जवळच समर्थ वाग्देवता मंदिर. रामदासी मठांमधली हस्तलिखितं शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घालवून गोळा केली ती तिथे आहेत. दोन्ही ठिकाणी आधी फोन करून गेलात तर कुणीतरी बसून नीट दाखवतं.

लळिंगपेक्षा जंगल आवडत असेल तर हा दिवस चाळीसगाव-पाटणादेवीला द्या. चाळीसगावहून अठराएक किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. देवळाच्या परिसरात इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून इथे मठ काढला, त्याची ती नोंद. मुक्ताईनगरचे चांगदेव वेगळे आणि हा वेगळा. लोक गल्लत करतात. पाटणादेवीच्या फेऱ्या मोजक्या, तेव्हा चाळीसगाव स्थानकात उतरल्या उतरल्या जायची आणि यायची, दोन्ही वेळा लिहून घ्या. परतीच्या गाडीला वेळ असेल तर चाळीसगाव रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन आहे. घराबाहेर न पडता या माणसाने टेबलावर डोंगर-दऱ्या रचून फोटो काढले.

सात दिवस असतील तर

नंदुरबार आणि तोरणमाळ. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडलेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांचं स्मारक आहे, गावात, चालत जाण्यासारखं. तिथून प्रकाशामार्गे शहादा. तापीकाठच्या प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचं देऊळ घाटावरच आहे. दत्त जयंतीच्या सुमारास आलात तर सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार चुकवू नका, शहादा तालुक्यातच आहे.

तोरणमाळ शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, सातपायरी घाट चढून. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ. गाड्या थोड्या, म्हणून वर मुक्कामच करा, आणि खोली आधी ठरवून मगच गाडीत बसा. महाशिवरात्रीला जादा गाड्या सुटतात पण खोली मिळत नाही.

स्थानकावर आणि गाडीत

फलाटावरच्या वेळापत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, त्यातल्या काही फेऱ्या बंद पडलेल्या असतात. चौकशी खिडकीवर जायची गाडी विचारण्याआधी शेवटची परतीची गाडी विचारा. खानदेशात तुमचा दिवस तीच ठरवते. 'मुक्कामी गाडी' म्हणाले तर ती गाडी त्या गावी रात्री थांबून सकाळी निघते, म्हणजे त्या गाडीने आज परतता येणार नाही. 'विनावाहक' म्हणाले तर ती मधल्या गावांना थांबणार नाही. चढण्याआधी पास खिडकीवर दाखवून घ्या.

आडगावच्या गाडीत शेजारी विचारेलच, 'कथा जाई राहिना भो?' (कुठे चाललास, भाऊ?) सांगून टाका. कोणत्या फाट्यावर उतरायचं आणि तिथे रिक्षा मिळते का, हे वाहकाआधी शेजाऱ्याला ठाऊक असतं.

मार्च ते जून हे सगळं टाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी एक ते चार गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि भरिताचाही हाच हंगाम. हिरवी, जाडजूड वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात लाकडाच्याच दांड्याने ठेचतात, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. धुराचा वास उतरला नसेल तर ते भरीत गॅसवरचं समजा. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची भाकरी मागा. भरिताचा हंगाम नसेल तर शेवभाजी बारमाही आहे, पण तिखट बेताने असं आधी सांगा. बेताची म्हणून येते तीही बाहेरच्यांना झेपत नाही.

शेवटच्या दिवशी धुळ्याहून परतीची गाडी अशी निवडा की रात्री बाराच्या आत घरी पोचाल. गाडीत असताना बारा वाजले तर पुढच्या अंतराचं तिकीट काढावं लागतं, त्यासाठी सुटे पैसे वेगळे ठेवा.